किशोरवयीन मुलांची उन्हाळी निसर्ग शिबिरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुट्टी जवळ आली की पालकांचे प्रश्न सुरू होतात आणि ते बहुतेक सुरक्षिततेचे असतात. मुलांचे प्रश्न वेगळे असतात. इथे दोन्ही घेतले आहेत. मुलांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मुलांनाच उद्देशून लिहिली आहेत, पण पालकांनीही ती वाचावीत.

निसर्ग शिबिर आणि साहस शिबिर यांत फरक काय?

साहस शिबिरात कडा चढणं, दोरावरून उतरणं, होडी वल्हवणं असतं. तिथे कस लागतो तो शरीराचा आणि धीराचा. निसर्ग शिबिरात मुलं एखादी जागा ओळखायला शिकतात: एक ओढा, गवताळ माळ, खडकाळ किनारा किंवा जंगलाचा छोटासा तुकडा. पर्यावरण शिबिर याच्या पुढे जातं. या ओढ्याचं पाणी येतं कुठून, वरच्या अंगाला जमिनीचा वापर कसा होतो, आपण इथे राहतो तेव्हा आपला कचरा आणि सांडपाणी कुठे जातं, हेही तिथे तपासलं जातं. १९७७ मध्ये तिबिलिसी इथे युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने भरवलेल्या परिषदेने पर्यावरण शिक्षणाची जी उद्दिष्टं ठरवली, त्यांत माहितीच्या जोडीला जाणीव, दृष्टिकोन, कौशल्य आणि प्रत्यक्ष सहभागही आहे. चांगल्या शिबिराचा आराखडा वाचला की हे सगळे धागे त्यात सापडतात.

मुलांना राहुट्यांत नेऊन ठेवण्याची कल्पना जुनी आहे. १८६१ मध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधले शिक्षक फ्रेडरिक विल्यम गन यांनी आपल्या शाळेतल्या मुलांना मुक्कामी नेलं. अमेरिकेतलं पहिलं उन्हाळी शिबिर म्हणून त्याचा उल्लेख होतो. १९०७ मध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर ब्रिटिश लष्करी अधिकारी बेडन-पॉवेल यांनी सुमारे वीस मुलांचं शिबिर घेतलं आणि त्यातून स्काउट चळवळ उभी राहिली.

कोणत्या वयात पाठवावं?

घराबाहेर एक-दोन रात्री राहायची सवय असेल तर तेरा वर्षांचं मूल मुक्कामी शिबिरात सहज रमतं. वयापेक्षा गट कसा आहे हे जास्त बघा. तेरा आणि सतरा वर्षांची मुलं एकाच गटात कोंबली तर धाकटी गप्प होतात आणि थोरली कंटाळतात. तेरा ते पंधरा आणि सोळा ते अठरा असे वेगळे गट करणारं शिबिर निवडावं. मोठ्या गटाला स्वतःचा प्रश्न ठरवून त्यावर काम करायची मुभा हवी, नाहीतर त्यांच्यासाठी ती शाळेची सहलच ठरते.

आमच्या मुलीला निसर्गाची अजिबात आवड नाही. तरी पाठवू का?

तिची इच्छा नसेल तर यंदा नको. शिक्षा म्हणून किंवा 'मोबाईल सुटावा' म्हणून पाठवलेलं मूल पहिले दोन दिवस स्वतःही मिटून बसतं आणि गटालाही जड जातं. पण 'आवड नाही' याचा अर्थ नीट विचारून घ्या. पुष्कळ मुलांना पक्ष्यांची नावं पाठ करायची नसतात, पण चित्रं काढायची असतात, आवाज ध्वनिमुद्रित करायचे असतात, नकाशे करायचे असतात, आकडे मांडायचे असतात. निसर्गाच्या कामात या सगळ्यांची गरज पडते. एक दिवसाचं बिनमुक्कामी शिबिर आधी करून पाहिलं तर दोघांनाही अंदाज येतो.

दिवसभर तिथे करतात तरी काय?

हा प्रश्न फार कमी पालक विचारतात आणि खरं तर हाच पहिला विचारायला हवा. वेळापत्रकात तासातासाला नवा उपक्रम भरलेला दिसला तर मी त्या शिबिराबद्दल साशंक असतो. पक्षी, फुलपाखरं, आकाशदर्शन, माती, औषधी वनस्पती, हस्तकला, नाटुकलं असं सगळं चार दिवसांत उरकलं की मुलांच्या हाती नावांची यादी उरते. तेच चार दिवस एका ओढ्याला दिले तर काय होतं, ते पाहू.

पहिल्या सकाळी मुलं ओढ्यात घोटाभर पाण्यात उभी राहतात. एक जण जाळी प्रवाहाला आडवी धरतो, दुसरा वरच्या बाजूचे दगड हाताने हलवून घासतो. सुटलेला गाळ आणि जीव जाळीत येतात. मग ते सगळं पांढऱ्या पसरट ताटलीत थोड्या पाण्यात ओतायचं आणि थांबायचं. सुरुवातीला नुसता गाळ दिसतो. मिनिटभराने त्यातला एक 'कण' चालायला लागतो. बारकाईने पाहिलं तर शेपटाकडे बहुधा तीन बारीक धागे आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना सतत फडफडणारे पिसासारखे कल्ले: ही मेफ्लाय या उडणाऱ्या कीटकाची पाण्यातली अवस्था. दोनच धागे असले आणि पोटाच्या बाजूंना असे कल्ले नसले तर ती बहुधा स्टोनफ्लाय. आणि वाळूच्या कणांची नळी पाठीवर घेऊन सरकणारी ती कॅडिसफ्लायची अळी. स्वतःच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने तिने तो एकेक कण जोडलेला असतो.

या तिघांना स्वच्छ, भरपूर प्राणवायू असलेलं पाणी लागतं. पाणी बिघडलं की ते आधी नाहीसे होतात. उलट लाल रंगाच्या काही अळ्या कमी प्राणवायूतही तगतात, कारण त्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असतं. म्हणजे जाळीत कोण आलं आणि कोण आलं नाही, यावरून पाण्याची तब्येत कळते. दुसऱ्या दिवशी मुलं तेच वरच्या अंगाला करतात, तिसऱ्या दिवशी खालच्या अंगाला, जिथे सांडपाण्याची नाली मिळते. आकडे शेजारी मांडले की कुणालाच काही शिकवावं लागत नाही. कुणीतरी आपणहून विचारतं, 'मधे असं झालं तरी काय?' त्या प्रश्नासाठी चारही दिवस दिले तरी सार्थकी लागतात.

रात्रीसाठी पांढरी चादर आणि एक दिवा पुरतो. जगात पतंगांच्या सुमारे १,६०,००० जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि फुलपाखरांच्या साधारण १८,०००, तरी आपण ओळखतो ती फुलपाखरं. चादरीवर जमलेले पतंग बघताना मुलांना हे पहिल्यांदा जाणवतं. दिवा रात्रभर जळत ठेवायचा नसतो. पहाटेच्या आत तो बंद केला नाही तर चादरीवर बसलेले पतंग पक्ष्यांच्या तोंडी आयते सापडतात. हे न सांगता कळणारा मार्गदर्शक मिळाला तर शिबिर चांगलं आहे असं समजा.

मला सकाळी लवकर उठवणार का?

हो, पण वाटतं तितकं जड जाणार नाही. तुझ्या वयात शरीराचं घड्याळ मुळातच उशिराकडे सरकलेलं असतं, त्यात घरचे दिवे आणि स्क्रीन भर घालतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात काही प्रौढ माणसं आठवडाभर डोंगरात तंबूत राहिली, विजेच्या दिव्यांशिवाय. त्यांचं झोपेचं घड्याळ सुमारे दोन तास आधी सरकलं. शिबिरात तिसऱ्या दिवसापासून मुलं आपणहून लवकर पेंगायला लागतात, ते याच कारणाने. तुला आठ ते दहा तास झोप हवीच असते, त्यामुळे रात्री तंबूत गप्पा किती वेळ मारायच्या ते मात्र तुझ्या हातात.

मोबाईल खरंच घेऊन टाकतात?

बहुतेक चांगल्या शिबिरांत तो जमा करतात किंवा ठरावीक वेळीच देतात. पूर्ण बंदी हवी की नको यावर मतभेद आहेत. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारं ई-बर्ड हे संकेतस्थळ २००२ मध्ये आणि सगळ्याच सजीवांच्या नोंदी ठेवणारं आय-नॅचरलिस्ट २००८ मध्ये सुरू झालं. आज तुझ्या वयाची मुलंही त्यांवर नोंदी टाकतात आणि संशोधक त्या वापरतात. म्हणून दिवसातून एकदा गटाच्या एका फोनवरून नोंदी चढवायच्या, ही पद्धत मला सगळ्यांत योग्य वाटते. बाकी वेळ फोन लांबच बरा. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी अकरा-बारा वर्षांच्या मुलांचा असा एक गट पाहिला, जो पाच दिवस निसर्ग शिबिरात स्क्रीनशिवाय राहिला. नेहमीसारख्या दिनक्रमात राहिलेल्या मुलांच्या तुलनेत चेहऱ्यावरचे भाव ओळखण्यात या मुलांची जास्त सुधारणा झाली. अभ्यास लहान होता, त्यामुळे त्याच्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण पाच दिवस समोरासमोर राहिल्यावर माणसं जास्त कळतात, हे शिबिरात गेलेलं कुणीही सांगेल.

पालकांसाठी: आणीबाणीत संपर्काचा क्रमांक कोणता, तो दिवसरात्र उचलणारी व्यक्ती कोण आणि तळावर नेटवर्क नसेल तर निरोप कसा पोचतो, हे आधीच लिहून घ्या.

शिबिर चांगलं आहे हे ओळखायचं कसं?

माहितीपत्रकावरच्या हसऱ्या फोटोंवरून काहीच कळत नाही. आयोजकांना फोन करा आणि थेट विचारा. किती मुलांमागे किती मोठी माणसं आहेत? अमेरिकेतल्या शिबिरांच्या संघटनेचे निकष मुक्कामी शिबिरासाठी नऊ ते चौदा वर्षांच्या आठ मुलांमागे एक, आणि पंधरा ते अठराच्या दहा मुलांमागे एक असे आहेत. पाण्याजवळ किंवा रात्री फिरताना याहून जास्त माणसं हवीत. रात्री तळावर कोण असतं? प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कुणी घेतलं आहे आणि कधी? जवळचा दवाखाना किती अंतरावर आहे, गाडी तळावरच उभी असते का, तिचा चालक कोण?

मग मार्गदर्शकांबद्दल विचारा. त्या जागेवर ते स्वतः किती वेळा गेले आहेत? जागा ओळखीची नसलेला तज्ज्ञ आणि ती पायाखालची असलेला साधा माणूस यांत मी दुसऱ्याला पसंती देतो. अर्थात दोघंही असले तर उत्तमच.

'वाघ नक्की दिसेल', 'साप हातात घेऊन फोटो' अशा गोष्टींची जाहिरात करणाऱ्या शिबिराला सरळ नाही म्हणा. प्राणी पकडून दाखवणं हे कौशल्य म्हणून मुलांसमोर आलं की ती तेच शिकतात. आणि प्रश्नांना त्रासून 'काळजी करू नका हो, आम्ही आहोत ना' एवढंच उत्तर मिळालं, तर तिथेही पाठवू नका.

मुलामुलींच्या सुरक्षिततेचं काय?

एक नियम पक्का असायला हवा: कोणताही एक मोठा माणूस एका मुलाबरोबर एकटा, इतरांच्या नजरेआड असणार नाही. हा नियम लेखी आहे का ते पाहा. मुलगे आणि मुली यांची झोपायची, अंघोळीची व्यवस्था वेगळी हवी, स्त्री मार्गदर्शक मुक्कामाला हवी, सगळ्या कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासलेली हवी. मुलांना निघण्यापूर्वी स्पष्ट सांगा: कुणाचंही वागणं अस्वस्थ करणारं वाटलं तर लगेच सांगायचं, आणि घरी फोन करायला कुणी अडवू शकत नाही. हे संभाषण अवघड वाटलं तरी टाळू नका.

पाळी शिबिरात येणार असेल तर काळजीचं कारण नाही. पॅड थोडे जास्त द्या, वापरलेले ठेवायला झाकणाचा डबा किंवा जाड पिशवी द्या, आणि ते उघड्यावर टाकायचे नाहीत हे सांगा. नेहमीचं काम सगळ्यांबरोबर करता येतं.

साप, विंचू, गोचीड, वीज... यांचं काय?

पालकांच्या मनात पहिला साप येतो. प्रत्यक्षात शिबिरात जास्त वेळा त्रास देतात ते ऊन, पाणी आणि घसरून पडणं. म्हणून काळजीचा क्रमही तसाच लावतो असं मार्गदर्शकाने सांगितलं तर त्याचं बरोबर आहे.

उन्हात चक्कर, डोकेदुखी, मळमळ सुरू झाली की सावलीत बसवायचं, पाणी आणि मीठ-साखर असलेलं पेय द्यायचं. मूल गोंधळल्यासारखं बोलायला लागलं किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात असू शकतो. तेव्हा अंगावर पाणी ओतून वारा घालत शरीर गार करायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. शुद्ध नीट नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

विजेसाठी मोजणी सोपी आहे. लखलखाट आणि गडगडाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर वीज साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे, पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जायचं. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर तीस मिनिटं बाहेर पडायचं नाही. तंबू आणि एकटं झाड हे आसरे नव्हेत.

साप चावलाच तर जखम कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी आवळू नये. अंगठी, बांगडी, घड्याळ काढायचं, तो अवयव हलू द्यायचा नाही, मुलाला शांत ठेवून लवकरात लवकर प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यायचं. साप पकडायला धावू नये. बूट घालण्याआधी झटकणं, अंधारात टॉर्चशिवाय न चालणं आणि दगडाखाली हात न घालणं एवढ्याने बहुतेक प्रसंग टळतात.

गोचीड लागलेला दिसला तर बारीक चिमट्याने कातडीला अगदी चिकटून धरून सरळ वर ओढायचा. काडीने चटका देणं, तेल किंवा नेलपॉलिश लावणं यात वेळ जातो आणि धोका वाढतो. नंतर ताप किंवा पुरळ आलं तर डॉक्टरांना गोचीड लागल्याचं आवर्जून सांगा.

दमा, मधुमेह, ऍलर्जी असलेल्या मुलांना नेतात का?

नेतात आणि न्यावंच. फक्त अर्जात काहीही लपवू नका. औषधांचे दोन संच द्या: एक मुलाजवळ, एक मार्गदर्शकाजवळ. इन्सुलिन थंड कुठे ठेवणार, हे विचारा. रात्री अंथरूण ओलं होण्याची सवय या वयातही काही मुलांना असते. मार्गदर्शकाला एकट्याला गाठून सांगितलं तर कुणाला न कळता सगळं निभावतं. चालायला, पाहायला किंवा ऐकायला अडचण असेल तर 'जमेल का' असं न विचारता 'त्यासाठी काय सोय करता' असं विचारा. पहाटेचे पक्ष्यांचे आवाज टिपण्याचं काम दृष्टी नसलेलं मूल बाकीच्यांपेक्षा अनेकदा चोख करतं.

सामान काय द्यायचं?

आयोजकांची यादी पाळा आणि तिच्यापेक्षा जास्त काही देऊ नका. मुलाला आपली पिशवी स्वतः भरू द्या, नाहीतर टॉर्च कुठे आहे हे तिसऱ्या दिवशीही सापडत नाही. वापरून मऊ झालेले बूट, पूर्ण बाह्यांचे मळखाऊ रंगाचे कपडे, टोपी, पाण्याची बाटली, शिट्टी, डास पळवणारं मलम (सनस्क्रीन आधी, हे नंतर लावायचं). टॉर्चवर लावायला लाल पारदर्शक कागद द्या. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोताने ती मेहनत वाया जाते, लाल मंद उजेडात ती बरीचशी टिकते.

आणि एक साधी कोऱ्या पानांची वही, पेन्सिलसकट. शाईचं लिखाण भिजलं की पसरतं, पेन्सिलीचं टिकतं.

मला घरची फार आठवण आली तर?

येईल. पहिल्या-दुसऱ्या रात्री पुष्कळांना येते, तुझ्या शेजारच्या तंबूतल्या मुलालाही. मार्गदर्शकाला सांग, लपवून ठेवू नकोस. बहुतेक वेळा हाताला काम मिळालं की ती कमी होते.

पालकांनी 'नाही करमलं तर लगेच न्यायला येऊ' असं वचन देऊन पाठवू नये. त्यामुळे मूल पहिल्या तासापासून त्याच वाटेकडे बघतं. 'अवघड वाटेल, तिथली माणसं मदत करतील' एवढं पुरतं.

शिबिरांमुळे त्या जागेलाच त्रास होत नाही का?

होऊ शकतो, आणि मुलं हा प्रश्न विचारतात तेव्हा मला फार बरं वाटतं. मळलेल्या वाटेवरूनच चालणं, पाण्यापासून साठ-सत्तर मीटर दूर तळ टाकणं, शौचालय नसेल तर तितक्याच अंतरावर वीतभर खोल खड्डा करून नंतर बुजवणं, साबण ओढ्यात न नेणं, शेकोटी शक्यतो न पेटवणं, घरटी आणि पिल्लांपासून लांब राहणं, पक्ष्यांना बोलावण्यासाठी त्यांच्या आवाजाची ध्वनिफीत न वाजवणं, हे किमान नियम आहेत.

एक गोष्ट सहसा राहून जाते. एका डबक्यातून दुसऱ्यात जाताना बूट आणि जाळ्या धुऊन पूर्ण वाळवायला हव्यात. बेडकांच्या कातडीला होणारा एक बुरशीजन्य रोग १९९८ मध्ये शास्त्रज्ञांनी ओळखला. त्याने जगभर बेडकांच्या अनेक जातींचा ऱ्हास झाला आहे आणि ती बुरशी ओल्या सामानातूनही पसरू शकते. म्हणून बेडूक हातात न घेता बघायचा.

हवामान बदलाबद्दल ऐकून मुलगा खूप निराश होतो. शिबिरात ते वाढेल का?

शिबिरात संकटांची चित्रफीत दाखवून मुलांना झोपायला पाठवत असतील तर वाढेल. ही काळजी त्याच्या एकट्याची नाही. २०२१ मध्ये दहा देशांतल्या सोळा ते पंचवीस वयाच्या १०,००० तरुणांना विचारलं, तेव्हा ५९ टक्क्यांनी आपल्याला हवामान बदलाची खूप किंवा अतिशय काळजी वाटते असं सांगितलं. 'तू लहान आहेस, विचार करू नकोस' म्हणून ती जात नाही. ऐकून घेणारं माणूस आणि हाताला खरं काम यांनी ती पेलता येते. एखादं उपटायचं तण, मोजायचा ओढा, लावायची रोपं, पुढच्या वर्षी पुन्हा मोजायला यायचं ठिकाण. शिबिर निवडताना आयोजकांना विचारा की गेल्या वर्षीच्या मुलांनी केलेलं काम या वर्षीची मुलं पुढे नेतात का.

पुढे शिक्षणात, नोकरीत याचा उपयोग होतो का?

प्रमाणपत्राचा फारसा नाही. सवयींचा होतो. अमेरिकेतल्या मेन राज्यात हॉग आयलंड नावाचं बेट आहे, तिथे पक्षिसंवर्धनाचं काम करणाऱ्या ऑड्युबन संस्थेचं निसर्ग शिबिर १९३६ पासून भरतं. तिथे शिकवणारे स्टीफन क्रेस यांना कळलं की जवळच्या ईस्टर्न एग रॉक बेटावरचे पफिन पक्षी शिकारीमुळे एकोणिसाव्या शतकातच संपले. १९७३ पासून त्यांनी कॅनडातल्या न्यूफाउंडलंडहून पिल्लं आणून तिथे हाताने वाढवली, मोठी झालेली परत यावीत म्हणून खडकावर लाकडी पक्षी मांडले आणि वाट पाहिली. १९८१ मध्ये पफिन पुन्हा तिथे घरटी करू लागले. हीच पद्धत पुढे इतर देशांत, इतर समुद्रपक्ष्यांसाठी वापरली गेली. प्रत्येक शिबिरातून असं काही निघत नाही. पण आपल्या शेजारच्या जागेत पूर्वी काय होतं, हे विचारायची सवय शिबिरात लागते, आणि ती जीवशास्त्रात, नगररचनेत, पत्रकारितेत सारखीच कामाला येते.

परत आल्यावर आम्ही काय करायचं?

पहिल्या दिवशी प्रश्नांचा भडिमार नको. मूल झोपेल, खाईल, मग आपणहून वही उघडेल. तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवा. नंतर घराजवळची एक जागा, एखादं झाड किंवा डबकं, आठवड्यातून एकदा बघायला त्याच्याबरोबर जा. नाव सांगायची घाई करू नका, त्यालाच सांगू द्या.

ऐन तारखेला ताप आला तर?

पाठवू नका. मुक्कामी शिबिरात एकाचा ताप गटभर पसरतो. पैसे परत मिळण्याचे किंवा पुढच्या तुकडीत जागा देण्याचे नियम नाव नोंदवतानाच लेखी घेऊन ठेवा.